मदत हवी आहे: व्हाइटचॅपल १८८८, ३० सप्टेंबरच्या पहाटेचं टायमिंग जुळत नाहीये

जॅक द रिपरच्या (लंडनमधला कधीच न सापडलेला खुनी) केसचा वेळेनुसार नकाशा बनवतोय, बाकी सगळं बसलं पण ३० सप्टेंबरच्या पहाटेला अडकलोय. एलिझाबेथ स्ट्राइड बर्नर स्ट्रीटवर साधारण १ ला मृतावस्थेत सापडली, कॅथरीन एडोज मायटर स्क्वेअरमध्ये पावणेदोनला, इथपर्यंत ठीक. पण एडोजच्या एप्रनचा रक्ताने माखलेला तुकडा गोल्स्टन स्ट्रीटच्या जिन्यापाशी लाँग नावाच्या हवालदाराला मिळाला तो २:५५ ला, आणि तो म्हणतो २:२० ला आपण तिथूनच गेलो तेव्हा तुकडा नव्हता!! मायटर स्क्वेअरपासून ते अंतर चालत फार तर दहा मिनिटं, मग खुनी मधली किमान पंचवीस मिनिटं कुठे होता?

इन्क्वेस्टमधल्या (मृत्यूच्या अधिकृत चौकशीतल्या) साक्षी वाचल्यात, डिटेक्टिव्ह हॉल्सही २:२० च्या सुमारास तिथून गेला पण त्याला काही दिसलं नाही, अर्थात अंधारात जिन्यातली चिंधी दिसणार तरी कशी. तुकड्याजवळच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं वाक्य पोलीस कमिशनर वॉरनने फोटो काढायच्या आधीच पुसायला लावलं, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. संशयितांच्या थिअरी नकोत प्लीज, त्या ढिगाने आहेत.

एवढंच सांगा, लाँगचं 'नव्हता' पक्कं धरून नकाशात तुकडा २:२० नंतर दाखवू, की 'दिसला नाही' असं समजून १:४५ नंतर कधीही?