गोव्यातून नवी गाडी घेऊन सिंधुदुर्गात पासिंग: कागद, कर आणि नंबरप्लेट

तेरेखोल_काठ

पत्ता सावंतवाडी तालुक्यातला, आधार आणि मतदार ओळखपत्र दोन्ही इथलंच. हवं ते पेट्रोल मॉडेल गोव्याच्या शोरूममध्ये लगेच मिळतंय. एक्स-शोरूम किंमत ९ लाख ६० हजार, त्यावर बँकेचं कर्ज. पासिंग म्हणजे नोंदणी सिंधुदुर्गच्या एमएच-०७ लाच करायची आहे. शोरूमवाले म्हणतात, 'आम्ही टेम्पररी काढून देऊ, पुढचं तुमचं तुम्ही बघा.' आपल्याकडचे डीलर तर पासिंग स्वतः करून देतात, मग इथे असं का? सोबत कोणते कागद आणायचे, कर किती पडेल आणि काम नेमकं कुठे अडतं, हे कुणी नीट सांगेल का?

---

फॉर्म_वीस

शोरूमवाले खोटं बोलत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे डीलर ज्या राज्यात आहे त्याच राज्यात गाडीची नोंदणी होणार असेल, तरच अर्ज डीलरने करायचा. राज्य बदललं की अर्जदार तुम्ही. डीलरच्या वाट्याला राहतं ते तात्पुरतं पासिंग आणि कागद. त्यामुळे ते कागद बिनचूक निघणं हीच तुमची निम्मी लढाई आहे.

टेम्पररी काढताना डीलर 'वाहन' या सरकारी नोंदणी प्रणालीत माहिती भरतो. त्यात 'दुसऱ्या राज्यात नोंदणी' हे कारण, राज्य महाराष्ट्र आणि कार्यालय सिंधुदुर्ग असंच निवडलं गेलं पाहिजे. घाईघाईत गोव्यातलंच कार्यालय निवडलं गेलं, तर ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गच्या आरटीओत, टेम्पररी नंबर टाकल्यावर गाडीची माहिती नीट पुढे येत नाही आणि दुरुस्तीसाठी परत डीलरच्या पायऱ्या चढाव्या लागतात. ते भरत असताना शेजारी उभं राहून स्क्रीन बघा, यात संकोच नको.

घरी आणायचे कागद असे. फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, फॉर्म २२ म्हणजे कंपनीचा रस्तायोग्यतेचा दाखला, मूळ इनव्हॉइस, विमा पॉलिसी आणि टेम्पररीचा कागद. फॉर्म २० हा नोंदणीचा अर्ज तुम्ही भरायचा. त्यात वित्तपुरवठादाराची जागा असते, तिथे बँकेची सही-शिक्का हवाच. तो राहिला तर बोजा, म्हणजे गाडीवर बँकेच्या कर्जाची नोंद, चढत नाही आणि बँक आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) स्वीकारत नाही. बँकेचं नाव फॉर्म २१, विमा आणि अर्ज या तिन्हींवर अक्षरशः सारखं हवं. तुमचं नावही तसंच. आधारवर वडिलांचं नाव मध्ये असेल आणि इनव्हॉइसवर नसेल, तर खिडकीवरचा कारकून कागद परत करतो. चेसिस नंबर सतरा अक्षरी असतो. तो पाचही कागदांवर एकेक अक्षर लावून बघा आणि मग गाडीवर कोरलेल्या नंबराशी पडताळा.

इनव्हॉइसवर महाराष्ट्रातलाच पत्ता घाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी-नोंदणी नसलेल्या ग्राहकासाठी पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे इनव्हॉइसवरचा पत्ता, असा नियम आहे. त्यामुळे ९ अधिक ९ असा केंद्र आणि राज्याचा वेगवेगळा सीजीएसटी-एसजीएसटी न लागता छोट्या पेट्रोल गाडीवर सरळ १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीचा जीएसटी, दिसेल. बेरीज तीच, तुमचं नुकसान काहीच नाही. परराज्यातून वस्तू आणल्यावर लागणाऱ्या प्रवेशकराची जुनी भीतीही मनातून काढा, जीएसटी आल्यावर तो गेला.

---

पिवळी_पाटी

कराचं मी सांगतो. कर नोंदणीच्या राज्याचा लागतो. गोव्यात खरेदी केली म्हणून तो वाचत नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२ आणि त्यावर १३ टक्के. तुमच्या ९,६०,००० वर १,०५,६०० रुपये. नोंदणी शुल्क ६००, बोजा नोंदीचे १,५००, स्मार्ट कार्डचे २००. म्हणजे १,०७,९००, शिवाय उपकर आणि टपालाची थोडी रक्कम. गोव्यात टेम्पररीसाठी भरलेले पैसे यातून वजा होत नाहीत.

वरचं मॉडेल घ्यायचा मोह होत असेल तर आधी हा हिशोब करा. टप्पा ओलांडला की वाढीव दर फक्त वरच्या रकमेवर लागत नाही, पूर्ण किमतीवर लागतो. ९ लाख ९५ हजारांच्या गाडीला १,०९,४५० कर, तर १० लाख ५ हजारांच्या गाडीला १,२०,६००. दहा हजारांच्या फरकासाठी अकरा हजार कर जास्त! शिवाय १० लाखांवरच्या गाडीला डीलर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, कापतो. तो पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण खरेदीच्या दिवशी खिशातून जातोच. आणि एक, गाडी फर्मच्या किंवा कंपनीच्या नावावर घेऊ नका, तिथे दर २० टक्के आहे.

आता विमा. डीलर सवयीने पॉलिसीवर गोव्याचं आरटीओ टाकतो. तिथे एमएच-०७ टाकून घ्या. मोठ्या आठ शहरांचा 'ए' झोन आणि बाकी सगळा देश 'बी', अशी खाजगी गाड्यांची विभागणी असते. गोवा आणि सिंधुदुर्ग दोन्ही 'बी' त असल्याने हप्त्यात फरक पडणार नाही. मात्र पॉलिसीवर एक पत्ता आणि अर्जावर दुसरा, असं झालं तर आरटीओत अडतं आणि पुढे दाव्याच्या वेळी जास्त अडतं. बंगळुरूहून गाडी आणणाऱ्यांनी तर हे बघायलाच हवं, 'ए' झोनचा हप्ता फुकट भरला जातो.

---

तेरेखोल_काठ

दोघांचेही आभार. आणखी एक विचारतो. शोरूममधला एक जण सुचवतोय की गोव्यातल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर कायमचं पासिंगच तिथे करू, दुसऱ्या राज्यात बारा महिने गाडी चालवायला कायद्याची मुभा आहे, धावपळ वाचेल. हे बरोबर आहे का?

---

घाटवाट

अजिबात करू नका. बारा महिन्यांची तरतूद कलम ४७ मधली. एका राज्यात रीतसर नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात त्याहून जास्त काळ ठेवली, तर नवा नंबर घ्यायचा, असा तिचा अर्थ. राहायचं सावंतवाडीत आणि पत्ता म्हापशाचा दाखवायचा, याला ती परवानगी देत नाही. कलम ४० प्रमाणे मालक जिथे राहतो आणि गाडी जिथे ठेवली जाते त्या राज्यातच नोंदणी हवी. पत्ता खोटा निघाला की नोंदणी रद्द होऊ शकते. पुदुच्चेरीच्या पत्त्यांवर नोंदवलेल्या महागड्या गाड्यांवर २०१७ मध्ये केरळात झालेल्या कारवाया तुम्ही ऐकल्या असतील.

धावपळही वाचत नाही, उलट दुप्पट होते. उद्या गाडी एमएच करायची म्हटली की बँकेची संमती, फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत दाखला), इथे पुन्हा कर आणि गोव्यात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज. परतावा हातात येईपर्यंत दोन्हीकडचे पैसे अडकलेले. टेम्पररीवर आणून थेट इथे नोंदवली, तर यातलं काहीच लागत नाही.

टेम्पररीची मुदत मात्र जपा. केंद्रीय नियमांत २०२१ पासून ती सहा महिन्यांपर्यंत केली आहे, पण तुमच्या कागदावर छापलेली तारीख तीच खरी. नोंदणीचा अर्जच केला नाही तर कलम १९२ ब खाली वार्षिक कराच्या पाचपट किंवा एकरकमी कराच्या एक तृतीयांश, यातलं जे जास्त असेल तो दंड. तुमच्या बाबतीत एक तृतीयांश म्हणजे ३५,२०० रुपये. त्याहून मोठा धोका विम्याचा आहे. पंजाबात घेतलेली एक बोलेरो टेम्पररी संपल्यावर जोधपूरला चोरीला गेली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. गाडी नोंदणीविना रस्त्यावर होती, हा पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग धरला गेला. हप्ता भरलेला, पॉलिसी चालू, तरी दावा शून्य.

---

फॉर्म_वीस

घाटवाट यांच्याशी पूर्ण सहमत. काम सर्वांत जास्त कुठे रखडतं ते आता लिहितो: नंबरप्लेट. गाडी तपासणीला न्याल, निरीक्षक चेसिस नंबर बघेल, त्याचा पेन्सिलने काढलेला ठसा अर्जावर लागेल, कर भराल, नंबर पडेल. सगळं सुरळीत. पण एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीची एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) कंपनी आणि डीलरमार्फत येते आणि पाट्यांवरचे लेझर कोड डीलरने 'वाहन' मध्ये भरल्याशिवाय आरसी छापली जात नाही. म्हणजे नंबर पडला तरी किल्ली पुन्हा गोव्यातल्या डीलरच्याच हातात. त्याची विक्री झालेली, पैसे मिळालेले, तुमचा फोन कोण उचलणार?

म्हणून पूर्ण रक्कम देण्याआधीच इनव्हॉइसबरोबर लेखी घ्या, ईमेल चालेल: नंबर कळवल्यावर किती दिवसांत पाट्या मागवणार, कुठे बसवणार आणि लेझर कोड कोण भरणार. त्याच कंपनीच्या सिंधुदुर्गातल्या किंवा कोल्हापुरातल्या शोरूममध्ये पाट्या पाठवायला डीलर तयार असेल तर उत्तम, पण त्या शोरूमचंही 'हो' घ्या. नाहीतर पाट्या बसवायला पत्रादेवीची हद्द ओलांडून परत गोव्यात जायची तयारी ठेवा. पुढच्या-मागच्या पाट्यांखेरीज पुढच्या काचेवर लागणारा तिसरा स्टिकर, पेट्रोलला फिकट निळा, त्याच वेळी लावून घ्या. तोवर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांतला टेम्पररी नंबर हवा, कागदावर छापून काचेला चिकटवलेला चालत नाही.

पसंतीचा नंबर हवा असेल तर तपासणीच्या आधीच अर्ज आणि शुल्क भरा, नंबर पडल्यावर बदलत नाही. बँकेलाही आत्ताच विचारा. काही शाखा परराज्यातल्या डीलरला थेट पैसे सोडत नाहीत, त्याची वेगळी मंजुरी लागते. फास्टॅग चेसिस नंबरावर मिळेल, कायमचा नंबर पडल्यावर आरसीची प्रत देऊन तो ९० दिवसांत अद्ययावत करा. विमा कंपनीलाही नंबर कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या. ही नोंद मागितल्याशिवाय होत नाही.