फोर्स इंडियाची तिरंगी गाडी गुलाबी का झाली?

प्रश्न – शर्यतप्रेमी
२००९मध्ये केशरी, पांढरे आणि हिरवे रंग ल्यालेली, फॉर्म्युला वन मोटारशर्यतींतील फोर्स इंडिया संघाची गाडी २०१७च्या हंगामाच्या तोंडावर, पहिल्या शर्यतीला जेमतेम दोन आठवडे उरले असताना, गुलाबी झाली. संघाच्या नावात देश असताना गाडीवरून देशाचे रंग काढता येतात का? याविषयी फॉर्म्युला वनमध्ये काही नियम नाही का?

प्रतिसाद – जुना प्रेक्षक
एके काळी तशी पद्धत होती. इंग्लंडच्या गाड्या हिरव्या, इटलीच्या लाल, फ्रान्सच्या निळ्या, आणि प्रायोजकांच्या जाहिरातींना गाडीवर जवळजवळ मज्जावच होता. तेल आणि टायर कंपन्यांनी हात आखडता घेतल्यावर १९६८मध्ये ही बंधने सैल झाली. त्याच वर्षी मे महिन्यात हारामा येथे चालक ग्रॅहम हिल यांनी स्पॅनिश ग्रां प्री ही शर्यत जिंकली, तेव्हा इंग्लंडच्या लोटस संघाची त्यांची गाडी हिरवी राहिली नव्हती. ती गोल्ड लीफ सिगारेटच्या लाल, पांढऱ्या आणि सोनेरी रंगांत होती. तेव्हापासून रंग ही विकाऊ जागा आहे. फोर्स इंडियाचा तिरंगासुद्धा नियमाने आलेला नव्हता, तो मालकांनी निवडलेला होता. २०११मध्ये सहाराने दहा कोटी डॉलर देऊन ४२.५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हाही तो टिकला, कारण पैसा देणारेही भारतीयच होते. २०१७मध्ये प्रायोजक झालेल्या बीडब्ल्यूटी या ऑस्ट्रियातील जलशुद्धीकरण कंपनीला मात्र स्वतःचा गुलाबी रंग दिसायला हवा होता. त्यामुळे चालकांची शिरस्त्राणेही गुलाबी झाली.

प्रतिसाद – पिटलेन
वरील माहितीत एक भर घालतो. त्याच २०१७मध्ये मॅक्लारेनची गाडी अनेक वर्षांनी पुन्हा नारिंगी झाली, आणि तो त्या संघाचा जुना रंग. १९७४ ते १९९६ मार्लबोरो सिगारेटचा लाल-पांढरा आणि पुढे चंदेरी अशी वेषांतरे झाल्यावर तो परत येऊ शकला, कारण २०१३अखेर व्होडाफोन गेल्यापासून मुख्य प्रायोजकाची जागा रिकामीच होती. संघाचा स्वतःचा रंग बहुधा पैसा नसतानाच दिसतो. म्हणूनच गुलाबी रंगाबद्दल फोर्स इंडियाला दोष द्यावासा मला वाटत नाही. मोठ्या मोटार कंपन्यांच्या संघांच्या तुलनेत तुटपुंज्या पैशावर चालणारा तो संघ २०१६ आणि २०१७ या दोन्ही वर्षी चौथा आला, हे मी आजही अभिमानाने सांगतो.

प्रतिसाद – शर्यतप्रेमी
दोघांचेही मनःपूर्वक आभार. तरीही २००९मध्ये बेल्जियममधील स्पा येथे चालक फिसिकेला यांनी त्या तिरंगी गाडीतून पोल, म्हणजे सुरुवातीची सर्वांत पुढची जागा, मिळवून दुसरा क्रमांक पटकावला, ते दृश्य मला विसरता येत नाही, आणि ते रंग गेल्याचे दुःख पैशाचे गणित कळल्यावरही कमी होत नाही. बीडब्ल्यूटी पुढे कुठे गेली?

प्रतिसाद – पिटलेन
२०१८मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून संघाची मालकी बदलली आणि तो रेसिंग पॉइंट झाला, तरी गुलाबी रंग २०२०पर्यंत राहिला. २०२१मध्ये तोच संघ ॲस्टन मार्टिन या नावाने इंग्लंडच्या हिरव्या रंगात उतरला. बीडब्ल्यूटी २०२२मध्ये अल्पीन या फ्रेंच संघाकडे गेली, आणि फ्रान्सच्या निळ्याशेजारी गुलाबी आला.