कोसोव्हो : हे वैर खरंच सहाशे वर्षांचं आहे का?

कोसोव्हो, म्हणजे बहुसंख्य अल्बेनियन वस्तीचा, पूर्वी सर्बियाचा प्रांत असलेला भाग. तिथल्या सर्ब-अल्बेनियन वैराचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "ते १३८९ पासून भांडताहेत." मला हे अजिबात पटत नाही. त्या वर्षीच्या कोसोव्हो पोल्येच्या लढाईत सर्बांचा राजा लाझार पडला, सुलतान मुरादही मारला गेला. पण समोर ऑटोमन फौज होती. उलट काही अल्बेनियन सरदार लाझारच्या बाजूने लढले, असं बरेच इतिहासकार मानतात. मार्च १९८९ मध्ये कोसोव्होची स्वायत्तता काढून घेतली गेली आणि २८ जूनला, लढाईच्या सहाशेव्या वर्षदिनी, सर्बियाचा नेता मिलोशेविचने गाझिमेस्तानला, त्या लढाईच्या स्मारकापाशी, प्रचंड जमावापुढे भाषण केलं. आग तिथे लावली गेली.

प्रतिसाद १
असहमत. १९१२ कुठे गेलं? बाल्कन युद्धात सर्बियाने कोसोव्हो घेतला तेव्हा अल्बेनियन गावं जाळली गेली. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या ताब्यात असताना सर्बांना हुसकावलं. मिलोशेविचने काडी लावली, पण गवत आधीच वाळलेलं होतं.

धागालेखक
१९१२ मान्य. मग शंभर वर्षं म्हणा, सहाशे नको. वैर अनादि ठरवलं की हुकूम देणारा सुटतो. १९९९ च्या कोसोव्हो युद्धात सर्बियाच्या दलांनी मारलेल्या अल्बेनियनांची प्रेतं ट्रकांत भरून बेलग्रेडजवळ बातायनित्साला पुरली. पुढे सातशेहून अधिक सापडली. ते ट्रक कोणीतरी पाठवले होते ना?

प्रतिसाद २
आणि दुसरी बाजू? त्याच युद्धात नाटोचे सर्बियावरचे ७८ दिवसांचे बॉम्बहल्ले थांबल्यावर कोसोव्होतले सर्ब आणि रोमा (जिप्सी) जीव मुठीत धरून पळाले. मार्च २००४ च्या दंगलीत अल्बेनियन जमावाने कोसोव्होतल्या प्रिझ्रेनचं चौदाव्या शतकातलं सर्ब चर्च जाळलं. सर्बांसाठी १३८९ ही नुसती गोष्ट नाही, देचानी-ग्राचानित्साचे जुने सर्ब मठ तिथे उभे आहेत. कोसोव्होने २००८ मध्ये जाहीर केलेलं स्वातंत्र्य भारतानेही मान्य केलेलं नाही.

प्रतिसाद ३
मठ आहेत म्हणून तिथल्या बहुसंख्य माणसांनी परक्यासारखं राहायचं? अल्बेनियन नेते इब्राहिम रुगोवांच्या नेतृत्वाखाली अल्बेनियनांनी नव्वदच्या दशकात घराघरांत शाळा चालवल्या, हातात शस्त्र न घेता. बोस्नियाचं युद्ध संपवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारात त्यांचा प्रश्न सोडवलाच नाही. त्यानंतर पोरांनी बंदुका उचलल्या.

धागालेखक
प्रतिसाद २, २००४ चा कोणताही बचाव मी करणार नाही. पण देचानीचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. १९९९ मध्ये त्या मठातल्या सर्ब साधूंनी अल्बेनियन कुटुंबांना आसरा दिला होता. युद्ध संपल्यावर त्याच मठाला नाटोच्या सैनिकांचा पहारा बसवावा लागला.