रद्द झालेली बातमी पुन्हा जिवंत का होते?

प्रश्न : लोकमान्यनगर, इंदूर

आमच्या मंडळाचा कोजागिरीचा कार्यक्रम पावसाची लक्षणे पाहून सकाळी रद्द केल्याचे आम्ही कळवले होते. दुपारी सभागृह मिळाल्यावर तो ठरलेल्या वेळीच होईल, असेही सर्वांना कळवले. तरी रामबाग आणि सुदामानगर भागांतील बरीच मंडळी आली नाहीत. चौकशी केल्यावर समजले की काहींना दुसरा निरोप पोहोचलाच नव्हता. काहींना मात्र तो पोहोचला होता, पण त्यानंतर शेजाऱ्यांकडून 'रद्द झाला' हे पुन्हा कानावर आले आणि तीच ताजी बातमी समजून त्यांनी ती खरी मानली.

मला याचे कोडे पडले आहे, कारण माझ्या नोकरीत जे सर्व्हर, म्हणजे माहिती साठवणारे आणि पुरवणारे संगणक, मी सांभाळतो, ते याच रीतीने एकमेकांशी बोलतात. त्यांच्यात कोणी प्रमुख नाही. प्रत्येक सर्व्हर दर सेकंदाला एक-दोन सोबती निवडतो आणि आपल्याजवळची माहिती त्यांच्याशी पडताळून पाहतो. या पद्धतीचे नावच गॉसिप प्रोटोकॉल असे आहे. तिथे जुनी माहिती नव्या माहितीवर कधी मात करत नाही. मग माणसांच्या कर्णोपकर्णी जाणाऱ्या निरोपात नेमके काय कमी पडते?

उत्तर : विजयनगर, इंदूर

आपण ज्याला कोडे म्हणता, ते संगणकांनाही पडले होते. झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन डेमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये याविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, तो आजही या विषयाचा पाया मानला जातो. काहीशे सर्व्हरांवर ठेवलेली नावांची आणि पत्त्यांची एकच यादी सगळीकडे सारखी कशी राहील, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. नवी नोंद पसरवणे सोपे होते. खोडलेली नोंद खोडलेलीच ठेवणे अवघड होते. समजा, एका सर्व्हरने एक नाव यादीतून काढून टाकले. ज्याला हे कळलेले नाही असा दुसरा सर्व्हर पुढच्या भेटीत म्हणतो, "तुमच्याकडे हे नाव दिसत नाही, घ्या," आणि काढलेले नाव परत येते. कारण 'माझ्याकडे नाही' याचे 'मला माहीत नाही' आणि 'मी ते काढले आहे' असे दोन अर्थ होतात आणि समोरच्याला त्यांतील फरक कळण्याचा मार्गच नसतो.

यावरचा उपाय असा की, नोंद नुसती पुसायची नाही. 'ही नोंद अमुक वेळी मृत झाली' असा वेळेसह दाखला लिहायचा आणि तो दाखलाच बातमी म्हणून पसरवायचा. त्याला त्यांनी मृत्यूचा दाखला असेच नाव दिले. हे दाखले कायमचे साठवणे परवडत नाही, म्हणून ठरावीक मुदतीनंतर ते टाकून दिले जातात. आज कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये ही मुदत, कोणी बदलली नाही तर, १० दिवसांची असते. एखादा सर्व्हर त्याहून अधिक काळ बंद राहून, इतरांशी नोंदी जुळवून न घेता परतला, तर मेलेल्या नोंदी घेऊन येतो. डेमर्स यांच्या निबंधातील एक युक्ती मला फार आवडते : काही मोजक्या सर्व्हरांनी तो दाखला मुदतीनंतरही निद्रिस्त अवस्थेत जपायचा आणि जुनी नोंद पुन्हा डोके वर काढताना दिसली, तरच तो जागा करून पुन्हा पसरवायचा. आपल्या वाड्यांतून अशी एखादी वृद्ध व्यक्ती असे, जिला कोणती गोष्ट केव्हा खोटी ठरली हे पक्के आठवत असे.

आपल्या दुसऱ्या निरोपात वेळ लिहिली होती का? 'सकाळचा निरोप दुपारी दोन वाजता मागे घेतला आहे' असे शब्द असते, तर उशिरा कानावर आलेले 'रद्द' हे जुने आहे, हे ऐकणाऱ्याला ओळखता आले असते.

उत्तर : तिलकनगर, इंदूर

ज्यांना निरोप पोहोचलाच नाही, त्यांच्याविषयी गणिताच्या बाजूने लिहिते. डेली आणि केंडल या गणितज्ञांनी १९६० च्या दशकात अफवेचे एक प्रारूप मांडले. त्यात बातमी सांगणाऱ्याला 'मला ठाऊक आहे' असे म्हणणारा कोणी भेटला, की तो सांगणे थांबवतो. मोठ्या समाजात अशा रीतीने सुमारे २० टक्के लोक बातमीवाचून राहतात. डेमर्स यांच्या आकडेमोडीतही हेच येते. मात्र असे उत्तर मिळाल्यावर प्रत्येक वेळी न थांबता सरासरीने दोनदा ते ऐकून थांबले, तर वंचितांचे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर उतरते. थोडी अधिक चिकाटी इतका फरक पाडते.

शेवटच्या काही घरांसाठी मात्र सांगत सुटण्यापेक्षा विचारणे उपयोगी पडते. बहुतेकांना बातमी कळल्यावर सांगणाऱ्याची फेरी वाया जाते, कारण समोर भेटणारा बहुधा जाणताच असतो. त्याच वेळी अजाण माणसाने कोणालाही विचारले, तरी उत्तर हमखास मिळते.

प्रश्नकर्ता :

सकाळचा निरोप कोणी 'रद्द', कोणी 'पुढे ढकलला', तर कोणी 'वर्गणी परत मिळणार' असाही सांगितला होता. वेळ लिहिली, तरी शब्द बदलले तर काय करावे?

उत्तर : राजेंद्रनगर, इंदूर

शब्द बदलण्याचा फटका संगणकांनाही बसतो. जुलै २००८ मध्ये ॲमेझॉनची एस-थ्री ही संगणकीय माहिती साठवण्याची सेवा काही तास बंद पडली. सर्व्हर एकमेकांना जी स्थिती कळवत होते, त्यातील काही संदेशांत एकेका बिटाची, म्हणजे एकेका शून्य-एकाची, चूक शिरली होती. संदेश वाचता येत होते, पण मजकूर चुकीचा होता, आणि तो ताडून पाहण्याची सोय नेमकी त्या संदेशांत नव्हती. चूक पसरत गेली आणि सर्व्हरांचा बहुतेक वेळ आपसांत बोलण्यातच जाऊ लागला. अखेर सर्व आपसंवाद थांबवून, साठलेली स्थिती पुसून नव्याने सुरुवात करावी लागली. माणसांना अशा रीतीने गप्प करता येत नाही, म्हणून आपण निरोप इतका लहान ठेवावा की त्यात बदलण्याजोगे फार काही उरू नये.

दुसरे असे की, सांगणारा कोण आहे, याला आपल्यात फार महत्त्व असते. बॅनर्जी, चंद्रशेखर, डुफ्लो आणि जॅक्सन या अर्थशास्त्रज्ञांनी कर्नाटकातील २१३ खेड्यांत केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. 'गावात बातमी पसरवायला कोण चांगले?' असे त्यांनी गावकऱ्यांनाच विचारले. गावकऱ्यांनी सुचवलेल्या व्यक्तींना दिलेली बातमी, प्रतिष्ठित मंडळींना किंवा सहज निवडलेल्या काही जणांना दिलेल्या बातमीपेक्षा अधिक लोकांपर्यंत पोहोचली. आपण बहुधा पदाधिकाऱ्यांना कळवले असेल. सुदामानगरात कोणाच्या दारी रोज दहा जणांची ये-जा असते, हे तिथल्याच चार घरांना विचारावे.

प्रश्नकर्ता :

आपण म्हणता तसेच झाले होते. दोन्ही निरोप पदाधिकाऱ्यांकडूनच गेले आणि वेळ एकावरही नव्हती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा निरोप एका ओळीचा आणि वेळेसह लिहीन, खाली शंका विचारण्यासाठी एकच फोन क्रमांक देईन. सुदामानगरातील दोन घरी आजच विचारले आणि दोन्हीकडून गिरणीवाल्या काकूंचेच नाव आले.