पिकअपचे मागचे टायर : माप तेच, मग दरात एवढा फरक का?

तासगावची वाट :
नमस्कार. माझ्याकडे सात वर्षे वापरातली पिकअप आहे. द्राक्षांच्या हंगामात तासगाव भागातून वाशीच्या बाजारात क्रेट न्यायचे आणि एरवी खत, पेंड, हळदीची पोती अशी सांगली-मिरजेची भाडी करायची, असा तिचा वर्षाचा क्रम असतो. मागचे दोन्ही टायर आता बदलणे भाग आहे. दोन्ही टायरांच्या दोन्ही कडा पार गुळगुळीत झाल्या असून मधल्या पट्ट्यात मात्र नक्षी अजून बरीच शिल्लक आहे. शिवाय डाव्या टायरच्या बगलेला लिंबाएवढा फुगा आला आहे. टायरवर २१५/७५ आर १५ असे माप आहे. दुकानदाराने याच मापाचे तीन पर्याय सांगितले : जीपगाड्यांना बसतात तसला प्रवासी टायर, मालवाहू गाडीचा ‘एलटी’ टायर आणि रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवलेला. पहिला एलटीपेक्षा बराच स्वस्त आहे आणि ‘माप तेच आहे, बिनधास्त टाका’ असे ते म्हणतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मिरजेचा टायरवाला :
सर्वप्रथम तो फुग्याचा टायर उतरवा. फुगा म्हणजे आतले धागे तुटून हवा नुसत्या रबराने अडवून धरलेली असते, आणि भरल्या गाडीत तो कधी फुटेल याचा भरवसा नसतो.

आता मापाविषयी. २१५ म्हणजे मिलिमीटरमधील रुंदी, ७५ म्हणजे रुंदीच्या मानाने बगलेच्या उंचीची टक्केवारी आणि १५ म्हणजे रिमचे इंच. टायर रिमवर बसेल की नाही, एवढेच या आकड्यांवरून कळते. तो किती वजन पेलेल हे त्यांच्यापुढच्या आकड्यावरून कळते, आणि गिऱ्हाईक नेमका तोच वाचत नाही. या मापाच्या प्रवासी टायरवर बहुधा १००चा आकडा असतो, म्हणजे एका टायरला ८०० किलो. आठ प्लायच्या (आठ थरांइतक्या मजबूत) एलटीवर १०६/१०३ असे लिहिलेले असते. मागे एकेरी चाक असल्यास त्यातला पहिला आकडा धरायचा, म्हणजे ९५० किलो. दरातला फरक इथे आहे.

तेव्हा निवडीआधी एक काम करा. नेहमीचा माल भरून गाडी वजनकाट्यावर न्या आणि फक्त मागची चाके काट्यावर ठेवून वजन घ्या. त्याची निम्मी संख्या टायरच्या आकड्याशी ताडून पाहा, म्हणजे मला किंवा तुमच्या दुकानदाराला विचारण्याची गरजच राहणार नाही.

कुपवाडकर :
रिमोल्डला सरसकट नावे ठेवू नयेत, असे माझे मत आहे. माझी गाडी कुपवाड एमआयडीसी ते मिरज एवढीच फिरते आणि वेग कधी चाळिशीच्या पुढे जात नाही. स्वतःचाच, कुठेही न कापलेला टायर वेळेवर देऊन रबर चढवून घेतले, तर मागच्या चाकाला ते पुरते. दुकानात तयार मिळणारा, कोणाच्या गाडीखाली आयुष्य काढून आला हे ठाऊक नसलेला रिमोल्ड मात्र मीही घेत नाही.

घाटमाथा सातारा :
कुपवाडकरांचे त्यांच्या कामापुरते बरोबर आहे, पण प्रश्नकर्त्याची गाडी रात्रभर महामार्गावर वेगाने धावणारी आहे. मी महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी घेऊन पसरणीचा घाट उतरतो. खाली वाईत पोहोचल्यावर चाकाजवळ हात नेला तर ब्रेकची धग जाणवते आणि ती रिममधून टायरपर्यंत जाते. एकदा माझ्या मागच्या रिमोल्डची सालच्या साल सुटून मडगार्डवर आपटू लागली होती. टायर फुटला नाही, मडगार्ड तेवढे गेले. तेव्हापासून लांबच्या गाडीला मी रिमोल्ड लावत नाही.

तासगावची वाट :
सर्वांचे आभार. काल द्राक्षाचे क्रेट भरून काट्यावर जाऊन आलो. मागच्या चाकांचे वजन १८६० किलो भरले, म्हणजे एका टायरवर ९३०. प्रवासी टायरचा प्रश्न तिथेच मिटला. मात्र एलटीलासुद्धा जेमतेम २० किलोच शिल्लक राहतात, आणि ओल्या शेणखताच्या खेपेला मी याहून जास्त भरतो, हे कबूल करतो. आणखी दोन शंका आहेत. हवा मी कायम ४० पाउंड ठेवतो, कारण कडक टायरने गाडी उडते आणि घडांचे मणी गळतात. ते योग्य आहे का? आणि काळ्या रानातल्या चिखलासाठी मोठ्या गोट्यांचा टायर घ्यावा का?

मिरजेचा टायरवाला :
तुमच्या टायरच्या कडा का झिजल्या, याचे उत्तर तुम्हीच दिलेत. वजनाच्या मानाने हवा कमी असली की मधला भाग आत दबतो, सगळा भार कडांवर येतो, बगल प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि त्या दुमडण्यानेच टायर आतून तापतो. ९५० किलोची ताकद बगलेवर लिहिलेल्या पूर्ण दाबालाच मिळते, आणि आठ प्लायच्या एलटीला तो साधारण ६५ पाउंड असतो. ४० पाउंडांवर तीच ताकद बरीच खाली येते. गाडीच्या दारावर किंवा पुस्तिकेत भरल्या गाडीचा दाब दिलेला असेल, तो पाळा आणि हवा टायर थंड असताना, निघण्यापूर्वी तपासा. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवण्याची आपल्याकडची रीत अगदी उलटी आहे. रिकाम्या परतीला हवा थोडी कमी केलीत तर चालेल, पण वाशीला माल उतरवून टायर गार झाल्यावरच. मण्यांची काळजी असेल तर क्रेटखाली पेंढा वाढवा. शेणखताच्या खेपेला कुठलाही टायर सुचवण्याऐवजी दोन खेपा करा, असेच मी सांगेन.

मोठ्या गोट्यांचा टायर चिखलात चांगला पकडतो, पण डांबरावर आवाज करतो आणि लवकर झिजतो. तुमचे बहुतेक अंतर डांबरावरचे असल्याने मधे सरळ पट्टे आणि कडेला खाचा असलेली मिश्र नक्षी घ्यावी. दोन्ही टायर एकाच जातीचे, दोन्ही रेडियल (आतले धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ असलेले) घ्या; एका आसावर रेडियल आणि नायलॉन (तिरप्या धाग्यांचे) एकत्र कधीही बसवू नका. बगलेवरच्या अंडाकृती चौकटीतील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. पैसे देण्याआधी ते स्वतः वाचा.

घाटमाथा सातारा :
एक भर घालतो. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात आणि कडेवर त्रिकोणाची खूण असते. नक्षी त्या उंचवट्यांना भिडली की १.६ मिलिमीटरच उरली असे समजावे. पासिंगला तेच पाहतात, पण पावसात भरल्या गाडीने खंबाटकीचा बोगदा गाठायचा असेल तर मी त्याच्या कितीतरी आधी टायर बदलतो.

तासगावची वाट :
आज एलटी टायर पाहून आलो. दुकानदाराने पुढे केलेल्या जोडीतील एका टायरचे आकडे चालू वर्षाचे होते आणि दुसऱ्याचे तीन वर्षांपूर्वीचे. तो दाखवल्यावर त्यांनी मुकाट्याने आत नेला. नव्या तारखेची जोडी शुक्रवारी येणार आहे. फुग्याचा टायर काढून स्टेपनी लावली आहे, परंतु तिचे आकडे वाचले तर ती गाडीइतकीच जुनी निघाली. शुक्रवारपर्यंत भाडे घेऊ का?

मिरजेचा टायरवाला :
रिकामी गाडी दुकानापर्यंत आणा, तेवढेच.