काठावर पाच, बोटीत बावीस

ड्रॅगन बोट क्लब – सगळे सभासद
(ग्रुपची माहिती: सरावाच्या वेळा, शर्यती, सूचना. कृपया फॉरवर्ड टाकू नयेत.)

सोमवार

ताई (पहिली रांग, डावी जागा), सकाळी ६:५२
सुप्रभात. काल काठ साफ करायला इथे ३१ अंगठे आले होते. माणसं आली पाच. त्यातल्या नवीन वहिनी दोनच आठवड्यांपूर्वी क्लबात आल्यात, त्यांना बिचाऱ्यांना अंगठा म्हणजे खरंच यायचं असतं असं वाटलं. बाकी चालू द्या.

सामान अण्णा, ६:५८
क्लबची पॅडल २४. काल संध्याकाळी शेडमध्ये मोजली, २१ भरली. तीन कोणाकडे आहेत?

बंड्या (नववी रांग, उजवी जागा), ७:०३
ताई मी निघणारच होतो, गजर वाजला नाही 🙏

ताई, ७:०४
गजर वाजतो रे. तू बंद करतोस. शर्यतीच्या दिवशी साडेचारला कसा उठतोस?

सचिव, ७:२०
सन्माननीय सभासदहो, कालच्या उपक्रमात सहभागी झालेल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. ज्यांना येता आले नाही त्यांचेही आभार.

ताई, ७:२१
न आलेल्यांचे कशाबद्दल?

सचिव, ७:२६
सवयीने लिहून गेलो.

वकीलसाहेब, ७:४०
नम्रपणे एक मुद्दा. क्लबच्या नियमावलीत स्वयंसेवा 'अपेक्षित' आहे, 'बंधनकारक' नाही. शब्द महत्त्वाचा आहे.

सुकाणूकाका, ७:४४
साहेब, काल गाळातून ट्रकचा टायर काढताना तुमची नियमावली हाताशी असती तर तिच्यावर उभा राहिलो असतो. निदान पाय रुतला नसता.

बंड्या, ७:४५
😂😂

सामान अण्णा, ७:५१
पॅडल २४. शेडमध्ये २१. हसून झालं असेल तर बघा गाडीत कोणाच्या राहिलीत का.

नवीन वहिनी, ८:१०
नमस्कार सगळ्यांना. मी नवीन आहे, बोलू की नको कळत नाही. पण काल मला आवडलं. ती नायलॉनची जाळी मुळांत अशी गुंतली होती की एक टोक ओढलं की अख्खं झुडूप हलायचं. काका मांडीभर पाण्यात उभे राहून पाऊण तास एकेक दोरा कापत होते. आत तीन मासे वाळून चिकटले होते. एवढे दिवस आपण तिथूनच बोट पाण्यात ढकलत होतो ना?

ताई, ८:१२
हो वहिनी. रोज. तिथूनच.

खजिनदार, ८:३०
ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी: काठ आणि शेड आपल्याला वापरायला मिळते ती काठ साफ ठेवू या शब्दावर. मागच्या वर्षी त्यावरून ऐकून घ्यायला मी एकटा गेलो होतो. ते परत नको.

वकीलसाहेब, ८:३४
तो शब्द लेखी नाही.

खजिनदार, ८:३५
म्हणून तर शब्द म्हणतात.

ताई, ९:०५
मी सरळ मांडते. शर्यतीच्या बोटीतली जागा ठरवताना सरावाची हजेरी धरता तसे स्वयंसेवेचे तासही धरा. काठावर यायचं नाही, नवख्यांच्या सत्राला यायचं नाही, बोट उचलायची वेळ आली की बुटाची नाडी बांधत बसायचं आणि पदकाच्या फोटोत पहिल्या ओळीत. हे मी कोणा एकाला म्हणत नाहीये.

बंड्या, ९:०६
माझ्या बुटाला नाडीच नाहीये, म्हणजे मी सुटलो.

ढोलवाली, ९:१५
ताई, राग समजतो. पण तास मोजायला लागलो की ती स्वयंसेवा राहत नाही, वेठ होते. मी रविवारी आईला सोडून येऊ शकत नाही हे तुम्हालाही माहीत आहे. मग माझा ढोल काढून घेणार का?

ताई, ९:१७
तुझ्याबद्दल नव्हतं ग. आणि ढोल काढून घेतला तरी ठेका आम्ही पहिल्या रांगेतच धरतो.

ढोलवाली, ९:१८
म्हणजे मी तिथे शोभेला बसते?

सुकाणूकाका, ९:१९
झालं सुरू.

ढोलवाली, ९:२२
नाही काका, बोलूच दे. पुढच्या दोघींचा ठेका बघून तो मागच्या अठरा जणांना ऐकू जाईल असा वाजवायचा, हेच माझं काम. शेवटच्या शंभर मीटरला माझा घसा बसेस्तोवर मी ओरडते. नवव्या रांगेला पहिली रांग दिसते का विचारा बंड्याला.

बंड्या, ९:२३
मला फक्त आठव्या रांगेची पाठ दिसते. ती पण पाणी डोळ्यांत नसेल तर.

सामान अण्णा, ९:३०
तीन पॅडल. लाकडी. दांड्यावर निळी पट्टी. कोणाकडे?

कोच, १०:०२
सकाळपासून वाचतोय, आता लिहितो. जागा मी ठरवतो, दोन निकषांवर: सराव आणि तोल. २० वल्हवणारे, १० रांगा, शिवाय ढोल आणि सुकाणू. पहिल्या तीन रांगा लय धरणारे. चौथी ते सातवी म्हणजे इंजिन, तिथे वजनदार आणि ताकदीची माणसं. शेवटच्या तीन रांगांना बोटीबरोबर आधीच पळणारं पाणी मिळतं, ते पकडायला वेगळाच हात लागतो. डावी-उजवी बाजू वजनाने जुळली नाही तर काका सुकाणूवर नुसती कुस्ती खेळतात. शिवाय मिश्र चमूत किमान ८ बायका आणि किमान ८ पुरुष लागतात. या सगळ्यात 'टायर कोणी उचलला' हा रकाना कुठे बसवू? आदर पूर्ण आहे.

सुकाणूकाका, १०:०५
टायर उचलणारा इंजिनात बसव. सोपं आहे.

बंड्या, १०:११
खरं कारण सांगू का? पुढच्या शनिवारच्या ५०० मीटर शर्यतीच्या यादीत ताई राखीव आहेत.

बंड्या, १०:११
हा संदेश काढून टाकण्यात आला

सुकाणूकाका, १०:१२
सगळ्यांनी वाचला, बाळा.

ताई, १०:३०
हो, आहे राखीव. लपवायचं काय त्यात? चार वर्षं पहिली डावी माझी होती. या महिन्यात तीन सराव चुकले माझे. का चुकले ते कोचना माहीत आहे. दोनदा शाळेतल्या मुलांना पाण्याची सुरक्षा शिकवायला क्लबतर्फे गेले होते, एकदा शेडचं छत गळत होतं तिथे माणूस बोलावून उभी होते. हजेरीच्या वहीत तिन्ही दिवशी माझ्या नावापुढे फुली आहे. एवढंच म्हणणं आहे माझं. जागा नकोय मला.

(बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही.)

सचिव, ११:१५
सर्वांनी संयम राखावा ही विनंती 🙏

ताई, ११:१६
कोणी सोडलाय?

आप्पा, दुपारी १:०५
फॉरवर्ड: तुम्हाला माहीत आहे का? चीनमधला कवी आणि मंत्री छू युआन याने इ.स.पू. २७८ च्या सुमारास मिलुओ नदीत जीव दिला, अशी परंपरा सांगते. लोक नावा घेऊन त्याला शोधायला धावले. माशांनी देहाला तोंड लावू नये म्हणून ढोल बडवले, वल्ह्यांनी पाणी आपटलं. त्याची आठवण म्हणून चिनी पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी ड्रॅगन बोटींचा उत्सव होतो. २००९ मध्ये युनेस्कोने या उत्सवाची वारसा म्हणून नोंद केली.

बंड्या, १:०७
आप्पा, या वर्षातलं हे तिसऱ्यांदा.

आप्पा, १:०९
चांगली गोष्ट तीनदा वाचली तर बिघडत नाही. आपल्या रोइंगचा इतिहास आहे.

कोच, १:१०
आप्पा, रोइंग नाही. रोइंगमध्ये बोट जाते त्या दिशेला पाठ असते. आपण तोंड पुढे करून बसतो आणि वल्हं बोटीला अडकवलेलं नसतं.

सामान अण्णा, १:११
अडकवलेलं नसतं म्हणूनच तीन हरवलीत.

सुकाणूकाका, १:२०
आप्पांच्या गोष्टीत एक बघा. ते लोक आधी मदतीला धावले, शर्यत मागाहून आली.

खजिनदार, १:२१
आणि त्यांना अंगठे किती आले होते?

सुकाणूकाका, १:२२
तेव्हा ग्रुप नव्हता ना, म्हणून माणसं आली.

माई (गुलाबी बोट), २:४०
दुपारी निवांत सगळं वाचलं. मी सहसा इथे लिहीत नाही.

स्वयंसेवेचा विषय निघालाच आहे तर सांगते. शनिवारी साडेसहाचा तास आम्हा कॅन्सरमधून उठलेल्या बायकांचा आहे. गेले तीन शनिवार शर्यतीच्या चमूने दोन्ही बोटी घेतल्या. आम्ही धक्क्यावर लाइफ जॅकेट घालून उभ्या होतो. 'आज जरा हंगामी सराव आहे' एवढं कोणीतरी पाण्यातूनच ओरडून सांगितलं.

माझ्या शस्त्रक्रियेनंतर मला घरात सगळे सांगायचे, त्या हाताने पिशवीसुद्धा उचलू नको, हात सुजेल. बऱ्याच वर्षांपूर्वी सगळीकडे असंच सांगत. १९९६ मध्ये व्हॅन्कुव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या २४ बायकांना ड्रॅगन बोटीत बसवलं. सराव हळूहळू वाढवत नेला, नंतर त्यांचे हात तपासले. एकीलाही नव्याने सूज आली नव्हती, जिला आधी होती तिची वाढली नव्हती. त्या एका बोटीमुळे आज जगभर अशा बोटी आहेत. मी त्यातल्या एकीत पाचव्या रांगेत बसते, उजवीकडे. ज्या हाताने पिशवी उचलायची नव्हती त्या हाताने.

मागच्या हंगामात तुमच्या सगळ्या शर्यतींना आरंभरेषेकडे चमू सोडायला, जॅकेट मोजून द्यायला आणि घ्यायला आमच्यातल्या सहा जणी दिवसभर उन्हात होत्या. ते तास कोणी वहीत मांडले नाहीत, मांडावेत असं मला वाटलंही नाही. आमचा एक तास तेवढा आम्हाला ठेवा.

(पंधरा मिनिटं शांतता.)

बंड्या, २:५६
माई, पाण्यातून ओरडलो तो मीच होतो. चुकलं.

माई, २:५८
आवाजावरून कळलं होतं रे.

कोच, ३:१०
माई, चूक माझी आहे. वेळापत्रक मी बनवलं आणि तो तास मोकळा दिसला म्हणून घेतला. येत्या शनिवारपासून मोठी बोट तुमची. आम्ही दहा जणांची छोटी बोट घेऊन दोन पाळ्यांत सराव करू.

वकीलसाहेब, ३:१५
दोन पाळ्यांत मिश्र चमूची लय बसेल का? शर्यत बारा दिवसांवर आहे.

कोच, ३:१६
नाही बसली तर नाही बसली.

ढोलवाली, ३:२०
मी दोन्ही पाळ्यांना येते. आणि माई, तुमच्या बोटीला ढोल वाजवायला कोणी आहे का? शनिवारी सकाळी आई झोपलेली असते, एक तास जमेल मला.

माई, ३:२१
ये ग. आमच्याकडे आत्तापर्यंत सगळ्या नुसत्या मोजायच्या. एक-दोन-तीन करत.

कोच, ३:३०
ताई, वही बघितली. त्या तिन्ही दिवसांपुढे फुलीऐवजी 'क्लबच्या कामावर' लिहितो. हे आधी करायला हवं होतं. पण शर्यतीची यादी बदलत नाही. आत्ता डाव्या बाजूला वजन जुळलंय, ते मोडलं तर काका मला पाण्यात टाकतील.

सुकाणूकाका, ३:३१
टाकेन.

ताई, ३:४५
यादी बदलू नका. मी राखीव बसते. मीठ-मिरची लावून लिहिलं असेल सकाळी तर सोडून द्या. पण फुली खोडली ते बरं केलंत. तीच टोचत होती.

सामान अण्णा, ४:००
सगळं छान झालं. पॅडल मात्र २१ च आहेत.

नवीन वहिनी, ४:०८
अण्णा, बारक्या आवाजात सांगते. काल तो टायर आणि गाळाची पोती वर आणताना दोन वल्ही आडवी धरून वर पोतं ठेवलं होतं, डोलीसारखं. एका बाजूला काका आणि दुसऱ्या बाजूला ताई. नंतर ती शेडच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. मला वाटलं तिथेच ठेवायची असतात.

सामान अण्णा, ४:०९
ताई???

ताई, ४:११
बरोबर आहे वहिनींचं. आता काय बोलू.

बंड्या, ४:११
सकाळी ६:५२ पासून पॅडलचा चोर ग्रुपवर आपल्यालाच शिव्या घालत होता. 😂😂😂

सुकाणूकाका, ४:१२
अर्धा चोर मी आहे. आणि बंड्या, तिसरं तुझ्या गाडीत आहे. गेल्या मंगळवारी तू पाठीमागच्या सीटवर टाकलंस, मी बघितलं.

बंड्या, ४:२५
आहे. 🙏

सामान अण्णा, ४:२६
वल्ह्यांवर गाळाची पोती वाहतात का कोणी? पात्याची कड फाटते. पाणी कापायची कड आहे ती, फावडं नाही. उद्या दोन्ही घासून वार्निश मी करतो, पण हे परत नको.

सचिव, ५:३०
सर्वांच्या भावना लक्षात घेऊन पुढच्या रविवारी सकाळी ७ वाजता काठाचा उरलेला भाग, धक्क्यापासून वळणापर्यंत. येणाऱ्यांनी अंगठा द्यावा.

(👍 ३४)

खजिनदार, ५:५०
तीन वाढले.

ताई, ५:५१
मी मोजायला उभीच आहे.

सामान अण्णा, संध्याकाळी ७:१५
शेडमागची दोन आणली. बंड्या एक देऊन गेला. आत्ता मोजली तर २५ भरतात. एक जास्तीचं आहे, काळं, आपलं नाही. कोणाचं?