धुकेरीचं राज्य बुडालं कसं? फॅन्टसी कादंबरीचा इतिहास लिहितेय, मदत हवी

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. मी पंचवटीत राहते आणि दोन वर्षांपासून एक मराठी फॅन्टसी कादंबरी लिहितेय. कथा घडते एका पडक्या राज्यात, आणि ते राज्य तीनशे वर्षांपूर्वी का पडलं हा इतिहास आधी पक्का करायचाय, तिथेच गाडी अडकलीये.

जग असं आहे. धुकेरी नावाचं पठार, चारी बाजूंनी डोंगर. डोंगरांच्या पोटात झिरगोटे असतात. हा दगड पावसाळ्यात ढगांची ओल पिऊन ठेवतो आणि उन्हाळाभर थेंब थेंब सोडतो, सगळे झरे नि नद्या त्याच्यावरच चालतात. मग कुणालातरी कळतं की हा गोटा उपटून घरच्या हौदात आणून ठेवला तरी तो बारा वर्षं पाणी देतो, मग मरतो आणि पांढरा पडतो. त्याच्या जोरावर पठारावर शहरं वसतात, बागा होतात, उंबरपाट नावाची राजधानी उभी राहते. पण डोंगरातून जेवढे गोटे निघाले तेवढे झरे बारीक होतात. शेवटी गोटे संपतात, राज्य बुडतं.

ही कल्पना मला 2016 च्या उन्हाळ्यात सुचली, रामकुंड कोरडं पडलं होतं तेव्हा. मी शाळेत होते, आजीबरोबर गेले होते आणि जिथे कायम पाणी बघितलं तिथे तळाचं काँक्रीट दिसत होतं. आजी काहीच बोलली नाही, नुसती उभी राहिली. ते डोक्यातून जातच नाही.

तर प्रॉब्लेम हा की माझ्या भावाने ड्राफ्ट वाचला आणि विचारलं, नद्या आटताना दिसत होत्या तर ही माणसं थांबली का नाहीत, सगळेच मूर्ख होते का? मी एक लोभी राजा टाकलाय पण तो मलाच खोटा वाटतो, एका माणसाच्या हावेने अख्खं राज्य बुडत नसतं. मग खरं कसं होत असेल? आधी काय बिघडतं, किती वर्षं लागतात, आणि पडल्यावर माणसं जातात कुठे?

बागाईतदार_निफाड

ताई, कादंबरीतलं मला फार कळत नाही पण तुमच्या भावाने जे विचारलंय त्याचं उत्तर आमच्या वावरात आहे म्हणून लिहितो.

आमच्या आजोबांची विहीर 40 फूट, मोट चालायची. 72 च्या दुष्काळात ती 60 फुटापर्यंत खाली नेली, गावातल्या माणसांनीच खोदली. वडिलांनी बोअर घेतला 200 फूट. मी घेतला तो 450 ला लागला आणि शेजारच्याने त्याच्या पुढच्या वर्षी 550 घेतला. आता यात मूर्ख कोण ते मला सांगा, कारण प्रत्येकाने त्या त्या वर्षी जे केलं ते बरोबरच होतं. एप्रिलमधे द्राक्षाची खरड छाटणी केली की बागेला पाणी लागतंच, ते नाही मिळालं तर पुढच्या वर्षीचा घडच बसत नाही, आणि सोसायटीचं कर्ज तर उभंच असतं. मी एकट्याने मोटर बंद ठेवली तर माझी बाग जाणार आणि माझ्या वाटचं पाणी शेजारी उपसणार. त्याचाही नाइलाज आहे, तो काही वाईट माणूस नाही, माझ्या मुलीच्या लग्नात तीन दिवस राबला तो.

आता मुख्य मुद्दा, जो मला तुमच्या गोष्टीत दिसला नाही. संपत आलेलं असतं तेव्हा ते संपल्यासारखं दिसत नाही. आमच्या गावात सगळ्यात जास्त बंगले, सगळ्यात जास्त ट्रॅक्टर, एक्स्पोर्टचा माल हे सगळं आलं ते बोअर सगळ्यात खोल गेले त्याच वर्षांत. कारण खोल जाण्याची मशीन आली, ठिबक आलं, प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं आलं, आणि शेततळं पावसानेच भरावं असं आहे पण बोअरचं पाणी उपसून ते भरणारे किती आहेत ते सगळ्यांना माहिती आहे. म्हणजे उन्हात वाफ व्हायला पाणी जमिनीतून वर काढून ठेवायचं. पण लांबून बघाल तर हिरवंगार दिसतं, पाहुणे म्हणतात काय प्रगती केली.

आणखी एक. विहिरीत माणूस वाकून बघायचा, पाणी कुठवर आलं ते दिसायचं, बायका कळशी सोडताना दोर किती लागला त्यावरून ओळखायच्या. बोअरमधे काहीच दिसत नाही. मोटर हवा ओढायला लागते तेव्हा कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. तुमच्या लोकांनी पण डोंगरातला झरा, जो सगळ्यांना दिसत होता, तो सोडून घराघरातल्या बंद हौदात गोटा ठेवला ना, मग कुणाचा गोटा किती उरलाय हे शेजाऱ्याला कसं कळणार? तिथेच तुमचं राज्य बुडालं असं मला वाटतं.

कायदे असतात हो. 2009 चा भूजल कायदा आहे, 60 मीटरपेक्षा खोल बोअरवर त्यात बंधन आहे. 60 मीटर म्हणजे साधारण 200 फूट. वर मी आकडे लिहिलेच आहेत. तुमच्या धुकेरीत पण असा एखादा जुना हुकूम चावडीवर लिहिलेला ठेवा.

गढीवरचा_विद्यार्थी

वरच्या दादांची पोस्ट दोनदा वाचली. मी पुरातत्त्व शिकतोय, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहितो, म्हणजे माणसं जातात कुठे.

ताई तुम्ही पंचवटीत राहता म्हणजे नदी ओलांडली की जुनी मातीची गढी. तिथे 1950-51 मधे सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं होतं, सोबत संगमनेरजवळच्या जोर्वे गावात पण. त्या गावावरूनच जोर्वे संस्कृती हे नाव पडलं, तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी गावं, लालसर भांड्यांवर काळी नक्षी. प्रवरेकाठचं दायमाबाद हे त्यातलं फार मोठं गाव, तिथे 1974 मधे काशाचा रथ, हत्ती, गेंडा, म्हैस असा साठा सापडला, आणि ते इ.स.पू. 1000 च्या आसपास ओस पडलं.

पण तुमच्यासाठी खरं सोनं आहे ते इनामगाव, शिरूर तालुक्यात घोड नदीवर. डेक्कन कॉलेजने तिथे 1968 पासून बारा-पंधरा वर्षं खोदकाम केलं. इ.स.पू. 1400 ते 1000 या काळात तिथे चौकोनी ऐसपैस घरं आहेत, धान्याची कोठारं आहेत, पुराचं पाणी वळवायला बांध आणि पाट आहे. त्याच्यानंतरच्या थरात काय दिसतं तर लहान लहान गोल झोपड्या. शिकारीच्या प्राण्यांची हाडं वाढतात, भांडी ओबडधोबड होतात. आणि हे एका रात्रीत नाही, त्या गोल झोपड्यांमधे लोक पुढे दोन-तीनशे वर्षं राहिले! पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला की हवामान कोरडं होत गेलं, शेती परवडेना, तेव्हा लोक शेळ्यामेंढ्या घेऊन अर्धे भटके झाले आणि मग गाव सुटलं.

म्हणजे बघा, कुणी "संपलं सगळं" असं ओरडलं नाही. आजोबांचं घर चौकोनी होतं, नातवाचं गोल झालं, आणि त्या नातवाला वाटलं असेल की घरं अशीच असतात. तुमच्या कादंबरीत हे घ्या असं मला मनापासून वाटतं. राज्य बुडाल्याची तारीख देऊ नका. एखादी म्हातारी दाखवा जिला कारंजं आठवतं, तिच्या मुलीला फक्त हौद आठवतो, आणि नातीला ओल्या मातीचा वास म्हणजे काय तेच माहीत नाही.

आणि लोक नाहीसे होत नाहीत. ते खालच्या नदीकाठी, डोंगराच्या पलीकडे, मेंढरांच्या मागे जातात. तुमच्या तीनशे वर्षांनंतरच्या कथेतले धनगर म्हणजे उंबरपाटच्या सोनारांचे वंशज असू शकतात.

रात्रपाळी_सातपूर

चर्चा छान चाललीये, पण एका गोष्टीवर मी अडणार. साधन संपलं म्हणून समाज संपला हे समीकरण इतकं सरळ नसतं, आणि फॅन्टसी लिहिणारे नेमके तिथेच सोपं करून टाकतात.

पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटाचं उदाहरण सगळे देतात, पुतळे ओढायला झाडं तोडली, जंगल संपलं, माणसं एकमेकांना खाऊन संपली. ही गोष्ट आता बरेच अभ्यासक तशी सांगत नाहीत. झाडं गेली हे खरं, त्यात ताडाच्या बिया खाणाऱ्या उंदरांचाही वाटा धरतात, पण माणसं उघड्या बेटावर दगडांच्या आडोशाने शेती करून टिकून होती. त्यांना खरं मोडलं ते 1862 मधे गुलाम पकडायला आलेल्या पेरूच्या जहाजांनी आणि त्यानंतरच्या देवीच्या साथीने. 2024 मधे जुन्या डीएनएचा अभ्यास आला, त्यातही सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याचं काही दिसलं नाही. म्हणजे आपण त्या लोकांनाच दोष देत बसलो आणि मारणारे नामानिराळे राहिले. ताई, तुमच्या धुकेरीच्या इतिहासात पण हे ठेवा की इतिहास कोण सांगतंय. "त्यांनी हावरटपणे गोटे संपवले" असं म्हणणारा शेजारचा राजा असेल, ज्याने शेवटच्या वर्षांत घाट अडवले होते.

दुसरं, आपल्याकडेच उलटं उदाहरण आहे. बागलाणात आरम आणि मोसम नदीवर, धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत होती, तीनेकशे वर्षं चालली. नदीवर बंधारा, त्याच्यातून पाट, आणि शिवाराचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी कमी असलं तर यंदा किती फड भिजवायचे ते गाव बसून ठरवायचं. पाटकरी पाणी द्यायचा, शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचं नाही. म्हणजे निफाडच्या दादांनी जे सांगितलं की मी एकट्याने मोटर बंद करून काय होणार, त्याचं उत्तर या लोकांकडे होतं. मग ते का मोडलं? वरती धरणं झाली, खाली ज्याने त्याने विहीर आणि इंजिन घेतलं, पाटाची गरज उरली नाही आणि बैठकीला कुणी येईना. पाणी संपायच्या आधी बैठक संपली!

म्हणून मला वाटतं धुकेरीत पण आधी एक जुनी पद्धत असावी. झऱ्याचा मानकरी, वर्षाला किती गोटे काढायचे याचा नियम, असं काहीतरी. आणि ती पद्धत कुणी दुष्टपणे मोडली नाही, घराघरात हौद आले आणि झऱ्यावर यायचं कारणच उरलं नाही.

पैशाचंही बघा. रोमन चांदीचं नाणं ऑगस्टसच्या वेळी जवळजवळ शुद्ध होतं आणि इ.स. 260 चं दशक संपता संपता त्यात चांदी 5 टक्क्यांच्याही खाली आली, वरून नुसता मुलामा. तुमच्याकडे गोटे कमी पडले की असंच होणार, अर्ध्या ओलीचा गोटा पूर्ण म्हणून शिक्का मारून विकणार, बारा वर्षांचा गोटा सातव्या वर्षी मरणार. राज्याचा शिक्का खोटा निघाला की लोक शेतसारा द्यायचं थांबतात, आणि शेतसारा थांबला की घाटावरचे शिपाई घरी जातात. पाणी अजून शिल्लक असेल, राज्य मात्र गेलेलं असेल.

आणि वरचे-खालचे हे भांडण विसरू नका. पैठणच्या जायकवाडी धरणात 65 टक्के साठा झाला नसेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं असा 2014 चा आदेश, त्यावरून दुष्काळी वर्षात ऑक्टोबर आला की इथे काय वातावरण होतं ते तुम्ही बघितलंय. पैठणकडच्यांना प्यायला पाणी नाही हेही खरं आणि इथल्या बागा जळतात हेही खरं. दोन्ही खरं असतं तेव्हाच चांगला चॅप्टर होतो.

गोदाकाठची

काल रात्री हे सगळं वाचून झोपच आली नाही, उठून वहीत लिहीत बसले. सगळ्यांचे मनापासून आभार.

राजा काढून टाकला. आता धुकेरीचा इतिहास असा होतोय, म्हणजे जुनी पद्धत मोडायला लागली तेव्हापासून साधारण सव्वाशे वर्षांचा. आधी दर गावाचा एक झरेकरी आहे, तो पावसाळ्याआधी डोंगर चढून झऱ्याची धार ओंजळीने मोजतो, किती श्वासात ओंजळ भरली त्यावर त्या वर्षी किती गोटे निघतील ते ठरतं. मग उंबरपाटमधे घरोघर हौद होतात. झरेकऱ्याचा मान राहतो, सणाला त्याला शेला देतात, पण धार मोजायला त्याच्याबरोबर कुणी जात नाही. मग लांब पहारींची नवी युक्ती निघते आणि खोलवरचे गोटे हाती लागतात, ती चाळीस वर्षं सगळ्यात वैभवाची, सगळी मोठी देवळं आणि कारंजी तेव्हाची. तेव्हाच एक झरेकरी ओंजळ भरायला नव्वद श्वास लागले असं लिहून ठेवतो आणि त्याची नोंद दप्तरात नीट बांधून ठेवली जाते, कुणी लपवत नाही, कुणी वाचतही नाही. पुढे खोटे शिक्के, घाट अडवणं, आणि मग घरं लहान होत जातात.

दादा, एक विचारायचं होतं. मेलेले पांढरे गोटे लाखोंनी उरले असतील ना, लोक त्याचं काय करत असतील? आणि फेल गेलेल्या बोअरचं तुम्ही लोक काय करता?

बागाईतदार_निफाड

ताई, काही नाही करत. केसिंग, म्हणजे आतला पाइप, निघाली तर काढून घेतो, नाही तर तोंडावर मोठा दगड ठेवतो, लहान पोरं असतात म्हणून. आमच्या वावरात असे चार दगड आहेत. नांगरट करताना ट्रॅक्टरवाल्याला सांगावं लागतं कुठे कुठे आहेत ते, आणि सांगताना आपोआप वर्षच तोंडात येतं, हा 98 चा, हा 2003 चा, तो बांधाजवळचा 12 चा. माझ्या धाकट्याला सगळे पाठ आहेत, त्याने एकाचंही पाणी बघितलेलं नाही.

तुमच्याकडे पण पोरांना तसंच सांगत असतील बघा, त्या पांढऱ्या गोट्याशी डावीकडे वळ, पुढे दुसरा लागेल.

गोदाकाठची

पहिला चॅप्टर इथूनच सुरू करते दादा. पोरगी मेंढरं घेऊन निघालीये आणि आजी तिला रस्ता सांगतेय, पांढऱ्या गोट्यांवरून.